झिजलेला स्लॅब सेरिफ: एकच टवका दोनदा दिसला की फसलं

झिजल्यासारख्या दिसणाऱ्या फॉन्टमध्ये मथळा टाइप करा आणि त्यातले दोन शेजारचे इंग्रजी 'ओ' बघा. डाव्याच्या खांद्यावरचा टवका उडालाय, आणि उजव्याचाही नेमका तिथेच. खरे लाकडी खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, असे कधीच झिजत नाहीत.

स्लॅब सेरिफ म्हणजे जाड, चौकोनी पायांची अक्षरं. एकोणिसाव्या शतकात ती जाहिरातींसाठी वाढली. १८२७ मध्ये डेरियस वेल्सने न्यूयॉर्कमध्ये राउटरने, म्हणजे लाकूड कोरणाऱ्या यंत्राने, लाकडी खिळे कापायला सुरुवात केली आणि मोठी अक्षरं स्वस्त झाली. वापरून वापरून त्यांच्या कडा झिजायच्या, टवके उडायचे, शाई सगळीकडे सारखी बसायची नाही. प्रत्येक खिळ्याची झीज वेगळी. आपल्याला तेच दाखवायचंय.

म्हणून आधी फॉन्टमध्ये पर्यायी अक्षरं आहेत का बघा. अशा बऱ्याच फॉन्टमध्ये कॅपिटल आणि स्मॉलच्या जागी एकाच कॅपिटलची दोन वेगळी चित्रं असतात. एक 'ओ' शिफ्ट दाबून टाइप करा, दुसरा न दाबता. तशी सोय नसेल तर आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांचं साध्या आकारांत रूपांतर करून, दुसरा 'ओ' १८० अंशांत फिरवा. 'एस' मात्र फिरवू नका. त्याचं वरचं पोट खालच्यापेक्षा लहान काढलेलं असतं, उलटा केला की लगेच डोळ्यात खुपतो.

आता आकार. इथे सगळ्यात जास्त कामं बिघडतात. अक्षर लहान केलं की झीजही लहान होते. २०० पॉइंटला अर्ध्या मिलिमीटरचा असलेला झिजेचा कोरा ठिपका ३६ पॉइंटला ०.०९ मिलिमीटर उरतो. शाई पसरते आणि तो बुजतो. शिवाय मोठी आणि छोटी ओळ दोन वेगळ्या मशीनवर छापल्यासारखी दिसते. झिजलेला फॉन्ट एकाच आकारात, फक्त मथळ्याला द्या. बाकी मजकूर स्वच्छ फॉन्टमध्ये. अक्षरांना स्ट्रोक, म्हणजे कडेने रेघ, देऊन जाडी वाढवू नका, त्यानेही ठिपके भरतात.

छपाईत मथळा एकाच शाईचा ठेवा. चार शायांचा तपकिरी केलात आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे शायांची एकमेकींवरची जुळणी, जरा हललं, तर प्रत्येक ठिपक्याच्या कडेला रंगीत किनार येते. व्हिनाइल, म्हणजे चिकटवायची प्लास्टिक फिल्म, कापायचं असेल तर एक मिलिमीटरपेक्षा लहान ठिपके आधी काढून टाका. प्रत्येक ठिपका म्हणजे कटरसाठी एक स्वतंत्र आकार. नको ते व्हिनाइल उपसताना अक्षराची कडाच उचलली जाते. कडेचे मोठे टवके तेवढे राहू द्या.

वेळ असेल तर मी म्हणेन, स्वच्छ स्लॅब घ्या आणि पूर्ण ओळीवर झिजेचं एकच टेक्स्चर मास्क म्हणून लावा, म्हणजे टेक्स्चर असेल तिथे अक्षर झाकलं जाईल. ओरखडा एका अक्षरातून दुसऱ्यात जातो आणि ओळ एकाच दाबाखाली छापल्यासारखी वाटते. फक्त मास्कने कोपरे धारदारच राहतात, तेव्हा ते आधी किंचित गोल करा. मग ओळ मोठ्याने वाचा. ओरखड्याने 'ई'ची खालची आडवी रेघ खाल्ली असेल तर तो 'एफ' वाचला जाईल. अशा वेळी अक्षराला हात लावू नका, मास्क थोडा सरकवा.