हिवाळ्यात उरकायची गावची कामं

मंडळी, गोव्याच्या थंडीला बाहेरचा माणूस थंडी म्हणणार नाही. जानेवारीतही पणजीत रात्रीचा पारा २० अंशांच्या आसपास रेंगाळतो, वाळपई-सांग्याकडे आणखी थोडा उतरतो, पहाटे धुकं पडतं, काजूला मोहोर येतो. तेव्हा शेकोट्या आणि घोंगड्या हा आपला विषय नव्हे. विषय आहे कामांच्या वेळापत्रकाचा. जून ते ऑक्टोबर माती उकरता येत नाही, डांबर टाकता येत नाही, व्हाळ, म्हणजे ओढा, अडवता येत नाही. मार्चमध्ये सगळी खाती वर्षअखेरीच्या बिलांत बुडालेली असतात. मधले नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढेच काय ते खरे. आणि नेमकं तुळशीचं लग्न झालं की आपण लग्नं, जत्रा, काले, नाटकं यांत गुंततो. पंचायतीची पायरी चढतो ती एप्रिलात, विहिरीचा तळ दिसायला लागल्यावर. त्या वेळी सचिवाने कितीही मनावर घेतलं तरी हाती फारसं लागत नाही.

पहिली गोष्ट ग्रामसभेची. गोवा पंचायत राज कायदा १९९४ चा. त्यानुसार साधारण ग्रामसभा वर्षातून चार वेळा, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांतल्या रविवारी होते. त्याशिवाय १९ डिसेंबरचा मुक्तिदिन आणि प्रजासत्ताक दिन धरून खास ग्रामसभा असतात. म्हणजे डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरच्या आगेमागेपर्यंत सरपंच, पंच आणि सचिव तीनदा तुमच्यासमोर बसतात. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक याच सुमारास आकार घेतं. एवढी संधी वर्षात पुन्हा येत नाही. तरी या सभांना निम्म्या खुर्च्या रिकाम्या, आणि बसलेल्यांतले निम्मे एकाच भांडणासाठी आलेले, हे चित्र आपल्या चांगल्याच ओळखीचं आहे.

सभेत नुसतं उठून बोललात तर उत्तर मिळतं, ‘नोंद घेतली.’ ती नोंद कुठे घेतली, हे कोणी सांगत नाही. म्हणून सभेच्या आधीच लेखी अर्ज द्या. एका अर्जात एकच काम. वाडा, सर्वे नंबर, जवळची खूण, फोटो, आणि नेमकं काय हवं ते एका वाक्यात. दोन प्रती न्या. तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. सभेत विषय आला की ठराव कोणत्या शब्दांत लिहिला जातोय ते वाचून दाखवायला सांगा. ‘पाठपुरावा करावा’ हा ठराव नव्हे. कोणत्या खात्याला, कधीपर्यंत पत्र जाणार, एवढं त्यात यायला हवं. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचतात तेव्हा बोट ठेवायला ते लागतं. उत्तरच आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. डिसेंबरात अर्ज दिलात तर जानेवारीत कागद हातात येतो आणि फेब्रुवारी अजून शिल्लक असतो.

शहरात ग्रामसभा नाही. पणजी महानगरपालिका आणि पालिका क्षेत्रातल्या लोकांनी हेच अर्ज मुख्याधिकारी किंवा आयुक्तांच्या नावाने द्यावेत आणि एक प्रत प्रभागाच्या नगरसेवकाला द्यावी.

अर्ज बुडण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे तो चुकीच्या दारात जातो. वाड्यातला रस्ता पंचायतीचा की सार्वजनिक बांधकाम खात्याचा, हे आधी विचारा. हॉटमिक्सची मागणी करण्याआधी त्या रस्त्याखालून पाण्याची वाहिनी किंवा केबल जायची आहे का, तेही लेखी विचारून ठेवा. नाहीतर जानेवारीत गुळगुळीत झालेला रस्ता फेब्रुवारीत उकरतात, वर माती लोटतात, आणि पहिल्या पावसात तिथे खड्डा पडतो. दोष डांबराला लागतो.

झाडांचंही तसंच. वीजवाहिनीवर वाकलेल्या फांद्या वीज खात्याने आत्ता छाटायच्या. तक्रारीचा नंबर १९१२. झाड तोडायचं तर, ते स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी, १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन खात्याची परवानगी लागते. शेजाऱ्याचा माड किंवा आंबा तुमच्या कौलांवर कलला असेल तर पंचायतीशी वाद घालत बसू नका. फोटोसह अर्ज मामलेदार किंवा उपजिल्हाधिकाऱ्यांकडे द्या, प्रत पंचायतीला. जागेची पाहणी, शेजाऱ्याला नोटीस, मग आदेश, यात आठवडे जातात. मे महिन्यात दिलेल्या अर्जाचा आदेश निघेपर्यंत झाड कौलांवर आलेलं असतं.

आता बंधारे. सत्तरी, डिचोली, फोंडा, सांगे इथल्या कुळागरांचं, म्हणजे सुपारीच्या बागांचं, आणि वायंगणाचं, म्हणजे उन्हाळी भातशेतीचं, पाणी बरंचसं यांच्यावर आहे. जलस्रोत खात्याच्या बंधाऱ्यांच्या खांबांना उभ्या खाचा असतात. पाऊस सरला की त्यांत फळ्या एकावर एक सरकवायच्या, आणि पुढचा पाऊस येण्याआधी काढायच्या. फळ्यांच्या दोन ओळी असतील तर मधल्या पोकळीत चिकणमाती ठोकून बसवतात. ऐकायला सोपं आहे, गळती मात्र बहुतेक ठिकाणी दिसते. ती सुरू होते तळाच्या पहिल्या फळीखालून. पावसाळ्यात खाचेत खडी, मुळं, प्लॅस्टिक अडकलेलं असतं. ते खरवडून काढलं नाही की पहिली फळी तळाला टेकत नाही, आणि तिच्यावर कितीही फळ्या चढवल्या तरी पाणी खालून निघून जातं. दुसरी गळती कडेने. काठ खेकड्यांनी पोखरलेला असतो. पाणी चढलं की त्या बिळांतून वाट काढतं आणि बघता बघता काठ खचतो.

वेळेचंही गणित आहे. दसऱ्यानंतर गडगडाटी सरी येतात. फळ्या घाईने घातल्या तर एका रात्रीच्या पावसात पाणी काठावरून शेतात शिरतं. नाताळपर्यंत थांबलात तर व्हाळाचा ओघ उतरलेला असतो आणि तळं भरतच नाही. म्हणून ऑक्टोबरातच खात्याच्या उपविभागीय कार्यालयाला यादी द्यावी: किती फळ्या आहेत, किती कुजल्या, किती नाहीशा झाल्या. नाहीशा होतातच, चांगली फळी गोठ्याच्या दाराला फार शोभते. आकाश निवळलं की नोव्हेंबरात फळ्या बसल्या पाहिजेत.

जिथे पक्का बंधारा नाही तिथे पोत्यांचा बंधारा गावकऱ्यांना एका रविवारात घालता येतो, खात्याला आणि पंचायतीला कळवून. जागा अरुंद, काठ उंच, तळाला खडक किंवा घट्ट माती. वळणावर नको, तिथे पाणी एकच काठ खातं. आधी पाला, गाळ, सुटी रेती काढून घट्ट तळ गाठा. सिमेंटची रिकामी पोती मातीने दोनतृतीयांश भरून तोंड शिवायचं. गच्च भरलेलं पोतं दगडासारखं राहतं, शेजारच्या पोत्याला चिकटून बसत नाही. नुसती रेती भरली तर पाणी झिरपतच राहतं, आणि नदीतली रेती उपसायला तर परवाना लागतो. विटांसारखे सांधे मोडून थर लावा. एक मीटर उंचीला तळाची रुंदी पावणेदोन मीटर, माथ्याची अर्धा-पाऊण मीटर. असा बंधारा सहा मीटर रुंद व्हाळावर घालायला सुमारे तीनशे पोती धरा. माथा मध्यभागी वीतभर खाली ठेवा, म्हणजे जादा पाणी मधून सांडेल. दोन्ही कडा मधल्या भागाच्या बरोबरीला ठेवल्या की पाणी कडेने जातं आणि काठ घेऊन जातं. मेअखेर पोती काढायची, आणि हे काम कोणाकडे ते बांधण्याच्या दिवशीच ठरवायचं. नाहीतर पावसात प्लॅस्टिकच्या चिंध्या खालच्या शेतांत पसरतात.

विहिरींकडे येऊ. शुद्धीकरणाला लागणारी ब्लीचिंग पावडर आरोग्य केंद्राकडे मागता येते. पण अंदाजाने मूठभर टाकण्याची जी रीत आहे ती सोडा. व्यासाचा वर्ग करा, त्याला ३.१४ ने गुणा, चाराने भागा, पाण्याच्या खोलीने गुणा. मापं मीटरमध्ये घेतली की उत्तर घनमीटरमध्ये येतं. एका घनमीटरला, म्हणजे हजार लिटरला, चांगली पावडर अडीच ग्रॅम. तीन मीटर व्यासाची विहीर, चार मीटर पाणी: २८ घनमीटर, म्हणजे ७० ग्रॅम पावडर. फेब्रुवारीत तेच पाणी दोन मीटरवर आलं की ३५ ग्रॅम. मापं प्रत्येक वेळी नव्याने घ्यायची ती यासाठी. पावडर प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, मग बादली पाऊणभर भरून ढवळा आणि पाच-दहा मिनिटं ठेवा. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरीने विहिरीतल्या पाण्याखाली सोडा आणि हलवा. चुन्याचा साका विहिरीत ओतू नका. निदान तासभर थांबून पाणी वापरावं. रात्री टाकून सकाळी वापरणं उत्तम. काही पंचायतींत पावडरीचं पोतं महिनोन्महिने तोंड उघडं पडलेलं असतं. दमट हवेत तिच्यातला क्लोरीन उडून जातो, मागे नुसता चुना उरतो, आणि तोच पुन्हा विहिरीत पडतो. पोत्याचं तोंड बांधलेलं आहे की नाही, हे पंचाला विचारायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून १५ मीटरच्या आत असेल तर मात्र पावडरीने भागणार नाही. तो खड्डा हलवावा लागतो.

आता माकडताप. सत्तरीतल्या लोकांना नवा नाही. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात तो प्रथम ओळखला गेला, आणि २०१५ मध्ये सत्तरीत त्याची साथ आली. त्याचा हंगाम डिसेंबर ते मे, कारण या दिवसांत गोचिडांची पिल्लं पाल्यापाचोळ्यात फिरतात. काजूची साफसफाई, जळाऊ लाकूड, गोठ्यात अंथरायला सुका पाला, ही सगळी कामंही याच महिन्यांतली. गोचीड चावल्यावर साधारण तीन ते आठ दिवसांत एकाएकी सणसणून ताप येतो, कपाळ ठणकतं, अंग मोडून जातं, डोळे लाल होतात; काहींना रक्तस्राव होतो. जुन्या लशीच्या भरवशावर राहू नका, ती वापरातून गेली आहे. बचाव सगळा अंगावर. गोचिडींना दूर ठेवणारं डेपा तेल आरोग्य केंद्राकडून घ्या, रानात जाण्याआधी हातापायांना, मानेला लावा. बाह्या लांब, पँट मोज्यांत खोचलेली. परतल्यावर गरम पाणी आणि साबणाने आंघोळ, कपडे गरम पाण्यात. अंगावर गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. नखाने चिरडू नका. जंगलातला पाला गोठ्यात आणू नका, गुरांवरून गोचिडी घरापर्यंत येतात.

मेलेलं माकड दिसलं तर पुरायला जाऊ नका, हात लावू नका, पोरांना जवळ जाऊ देऊ नका. आरोग्य केंद्राला आणि वन खात्याला त्याच दिवशी कळवा, जागेची नेमकी खूण सांगा. साधारण ५० मीटरच्या टापूत मॅलेथिऑन या कीटकनाशकाची भुकटी मारावी लागते आणि ती लवकर मारली तरच उपयोग, कारण माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात. ताप आलाच तर दुकानातून अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. केंद्रात जा, रक्त तपासा, आणि रानात गेला होतात हे डॉक्टरांना आपणहून सांगा. ते सांगितलं नाही तर तपासणी बहुधा डेंग्यू-मलेरियाचीच होते.

आगीबद्दल थोडक्यात. म्हादई अभयारण्यातल्या मार्च २०२३ च्या आगी सगळ्यांनी पाहिल्या. काजूच्या बागेभोवती तीनेक मीटरची पट्टी जानेवारीअखेर गवत काढून मोकळी करा. काढलेलं गवत त्याच पट्टीत पेटवू नका. कचरा उघड्यावर जाळला तर राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१६ च्या आदेशाने साध्या प्रकरणात ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,००० रुपये भरपाई बसते. बंबासाठी १०१. फोन करताना वाड्याचं नाव सांगून थांबू नका. बंब कोणत्या बाजूने आत येऊ शकतो आणि पाणी भरायला जवळ काय आहे, तेही सांगा.

समोरून काकींचा प्रश्न आला आहे, दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे मध्येच थांबले तर काय करायचं. ज्येष्ठांना महिन्याला २,००० रुपये मिळतात ती ही योजना. अर्जाला १५ वर्षांचं गोव्यातलं वास्तव्य लागतं. पैसे थांबले की आधी दोन गोष्टी पाहा: वर्षाचा हयातीचा दाखला पोचला का, आणि बँक खातं व्यवहार नसल्यामुळे बंद पडलं का. दोन्ही ठीक असतील तर आधार आणि पासबुकावरचं नाव जुळवून बघा. पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत एक नाव, लग्नानंतरच्या कागदांत दुसरं, असं पुष्कळदा निघतं. तसं असेल तर सगळ्या कागदांच्या प्रती घेऊन तलाठ्याला आणि मामलेदार कचेरीत भेटा. उत्पन्नाचा दाखला तिथेच मिळतो. दाखल्यांसाठी मुदत ठरवणारा २०१३ चा कायदा आहे, म्हणून पोच घ्या. सकाळी लवकर जा, मूळ कागद बरोबर ठेवा, पण टेबलावर प्रतीच द्या.