चिंतेला टोकन द्या

मागे ऐकू येतंय ना? बरं. आधीच सांगून टाकतो, मी काही डॉक्टर नाही, मी बँकेत काउंटरवर ३४ वर्षं काढलीत, आणि तिथे एक गोष्ट पक्की कळली की खिडकीवर येऊन तावातावाने बोलणाऱ्याला 'नंतर या' म्हटलं की तो अजून भडकतो, पण त्याच्या हातात टोकन ठेवलं की गप जाऊन बाकावर बसतो. चिंतेचं पण सेम आहे. म्हणून कोणाला 'टेन्शन घेऊ नको' असं सांगू नका हो, त्या वाक्याने कोणाचं टेन्शन गेलेलं मी तरी अजून पाहिलेलं नाही.

आता सगळ्यात कॉमन चिंता घ्या. सहकारनगरहून निघालो, स्वारगेटला पोचलो, आणि मनात येतं, गॅस बंद केला का? हसताय, पण तुमच्यातले निम्मे तरी लक्ष्मीनारायण थिएटरपासून रिक्षा परत फिरवून घरी गेलेले असणार. होतं काय, हात सवयीने नॉब फिरवतो आणि डोकं भलतीकडेच असतं, मग आठवणार काय कपाळ! जपानमध्ये रेल्वेचे ड्रायव्हर सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्याने बोलतात, मी तेच उचललं. नॉबकडे बोट, 'गॅस बंद, आज मंगळवार'. वार कशाला, तर कालचं आणि आजचं मिसळायला नको. बायकोला आधी वाटलं रिटायर झाल्यावर डोक्यावर परिणाम झालाय.

रात्रीचा प्रकार वेगळा, अंथरुणावर पाठ टेकली की लाइटबिल, टाकी, भाचीचं लग्न सगळं एकदम रांगेत. त्याला वही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बेलर युनिव्हर्सिटीचा एक प्रयोग छापून आला होता, ५७ तरुण मुलंमुली, झोपायच्या आधी ५ मिनिटं काहींनी पुढे करायची कामं लिहायची आणि काहींनी झालेली, तर करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी ९ मिनिटं लवकर झोप लागली. ९ मिनिटं म्हणजे फार नाही, पण दीड वाजता पंख्याकडे बघत पडलेल्याला विचारा. आणि त्यातही ज्यांची यादी जास्त बारकाईने लिहिलेली ते आणखी लवकर झोपले, म्हणून 'सोसायटीचं काम' असं मोघम नको, 'सकाळी ११ ला टाकी धुणाऱ्याला फोन' असं लिहा.

पण माझं आवडतं औषध जुनं आहे. थॉमस बोर्कोवेक म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलं की चिंतेला रोज ठरलेली वेळ द्या, ठरलेली जागा द्या, अर्धा तास, बाकी दिवसभर ती आली की तिला त्या वेळेवर ढकला. म्हणजे दुकान १ ते ४ बंद, पुणेकराला हे कोणी अमेरिकेतून येऊन शिकवायची गरज नव्हती खरं तर! माझी वेळ संध्याकाळी ६ ते ६.३०, जागा बाल्कनीतली प्लॅस्टिकची खुर्ची. पलंगावर अजिबात नको. आणि गंमत अशी की सहाला टोकन पुकारायला बसावं तर निम्मे कस्टमर आलेलेच नसतात.

काय म्हणालात ताई? मुलगा बंगळुरूला, रात्री फोन उचलत नाही, त्याला कसलं टोकन? बरोबर आहे, इथे माझीही पंचाईत होते. माझी मुलगी हिंजवडीहून उशिरा यायची तेव्हा आम्ही ठरवलं की ऑफिसमधून निघताना तिने व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा पाठवायचा, आणि नऊपर्यंत अंगठा आला नाही तरच मी फोन करायचा, आधी नाही. पावणेनऊला मी मोबाईल हातात घेऊन बसायचोच, खोटं कशाला बोलू. आणि महिनोन् महिने झोपच उडाली असेल, छातीत धडधडत असेल, तर टोकनबिकन ठेवा बाजूला, सरळ डॉक्टरकडे जा.

चहा आला वाटतं. शेवटी जो निघेल त्याने हॉलचे पंखे बंद करा, आणि बोट दाखवून मोठ्याने म्हणा बरं का, नाहीतर रात्री मला पंख्यांची चिंता, आणि माझी सहाची वेळ तर कधीच होऊन गेली.