आजचा निकाल उद्या

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेत ईरी सरोवराच्या काठी क्लीव्हलँड शहर आहे. तिथे गोड्या पाण्याचे बीच आहेत, आणि उन्हाळ्यात पोहायला ही गर्दी! पाणी चांगलं आहे का, हे ठरवायला त्यातले ई. कोलाय जीवाणू मोजतात. ते सापडले म्हणजे मैला मिसळलाय. पण ते वाढवून मोजायला 18 ते 24 तास लागतात. आजच्या पाण्याचा निकाल उद्या. तोवर मुलं पोहून घरीसुद्धा गेलेली असतात. शिवाय आजारी पाडणारे पुष्कळदा नोरोव्हायरससारखे विषाणू असतात, आणि क्लोरीनने जीवाणू मेले तरी विषाणू तग धरू शकतात.

आता थोडं आग्र्याला जाऊ. ही गोष्ट मला सांगितल्यावाचून राहवत नाही.

अर्नेस्ट हॅन्किन नावाचा इंग्रज जंतुशास्त्रज्ञ तिथे सरकारी नोकरीत होता. पटकीच्या साथीत विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकायची पद्धत त्यानेच आपल्या देशात रुजवली. विहिरीचं पाणी गुलाबी झालेलं जुन्या मंडळींनी पाहिलं असेल. या माणसाने गंगा-यमुनेचं पाणी घेतलं आणि त्यात पटकीचे जंतू सोडले. तीन तासांच्या आत जंतू खलास! मग तेच पाणी उकळून घेतलं, पुन्हा जंतू सोडले. या वेळी ते मजेत जगले. उकळल्यावर पाण्यातलं काहीतरी गेलं होतं. काय गेलं? त्याला वाटलं, उडून जाणारा एखादा पदार्थ असावा. 1896 साली त्याने हे छापलं. पुढे 1917 मध्ये पॅरिसमध्ये फेलिक्स द’हेरेल याने जीवाणूंना खाणाऱ्या विषाणूंना बॅक्टेरिओफाज हे नाव दिलं, आणि हॅन्किनने पाहिलं ते हेच असावं, असं बरेच जण मानू लागले. शाळाशाळांतून मुलांना असे प्रयोग गोष्टीसारखे सांगावेत, असं मला फार वाटतं. नुसत्या व्याख्या घोकून काय हाती लागतं?

मात्र ही गोष्ट सांगून ‘बघा, गंगा स्वतःच शुद्ध राहते’ म्हणणाऱ्यांशी मी भांडतो. हे बॅक्टेरिओफाज, थोडक्यात फाज, भरपूर कुठे असणार? जिथे त्यांचं खाद्य भरपूर, तिथे. ई. कोलायवर जगणारे कोलिफाज सांडपाण्यात मुबलक असतात. पुन्हा सांगतो: कोलिफाज दिसले, की मैल्याची शंका घ्यायची. ते स्वतः माणसाला अपाय करत नाहीत, पण पाण्यात टिकतात आतड्यांच्या विषाणूंसारखे. ताटलीत ई. कोलायचा दुधट थर वाढवून त्यावर नमुना घातला, की फाजने जिथे जीवाणू मारले तिथे स्वच्छ गोल ठिपके पडतात. ते मोजायचे.

आता निकाल उद्यावर जाऊ नये म्हणून गणित. सकाळी पाण्याचा गढूळपणा, लाटांची उंची, आदल्या दिवशीचा पाऊस असे आकडे समीकरणात घालायचे, की दूषित असण्याची शक्यता त्याच सकाळी कळते. क्लीव्हलँडजवळच्या हंटिंग्टन बीचवर ई. कोलायसाठी हे 2006 पासून चालू आहे. कोलिफाजसाठीही असं गणित बसवायचं काम चाललंय. तिथे अडचण वेगळी. बीचच्या पाण्यात ते फारच विरळ असतात, म्हणून लिटर-लिटर पाणी गाळून घ्यावं लागतं.

क्लीव्हलँड, शिकागोकडच्या आपल्या श्रोत्यांनो, मोठा पाऊस झाला असेल तर दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन निघण्याआधी त्या सकाळचा अंदाज बघा. कालचा नाही, त्या सकाळचा. पाणी गढूळ दिसलं, तर पोहणं पुढच्या रविवारी.