चरा, पोचा आणि पन्नास मायक्रॉन

[दृश्य : कोथरूडमधल्या एका सोसायटीचं पार्किंग. सकाळचे सात. बादली, फडकं, ओळीनं उभ्या गाड्या.]

गाडीला पहिला ओरखडा बहुतेक वेळा अपघातात पडत नाही, रोज सकाळी पुसताना पडतो. एक बादली, एक फडकं आणि ओळीनं आठ-दहा गाड्या. रात्रभर बसलेल्या धुळीत बारीक वाळू असते. ती फडक्याखाली सापडते आणि बॉनेटभर गोल गोल फिरते. काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर मोबाईलचा टॉर्च तिरका धरा, वर्तुळांचं अख्खं जाळं दिसेल. पांढऱ्या गाडीवरही ते असतंच, नुसतं दिसत नाही. पांढरी गाडी घेणाऱ्यांचा हा एक छुपा फायदा.

बाकीचे मानकरी मागाहून येतात. शेजारच्या स्कूटरचं हँडल, गेटचा खांब, मुलांचा क्रिकेटचा बॉल, आणि आपल्याच दारावर नेमकं उघडणारं दुसऱ्या गाडीचं दार. गॅरेजमध्ये नेलं की ठरलेलं वाक्य कानावर येतं, ‘पूर्ण पॅनेल मारावं लागेल,’ म्हणजे आख्खं दार किंवा बॉनेट नव्यानं रंगवायचं. काही वेळा ते खरंच लागतं. काही वेळा घरी बसून अर्ध्या तासात काम होतं. आणि काही वेळा हात न लावणंच बरं. हे तीन प्रकार वेगळे ओळखता आले, तर निम्मं काम झालंच म्हणायचं.

[दृश्य : दारावरचा चरा, अगदी जवळून. त्यावरून फिरणारं बोटाचं नख.]

त्यासाठी पत्र्यावर काय काय बसलंय ते माहीत हवं. दाराचा पोलादी पत्रा साधारण ०.७ मिलिमीटर जाडीचा. कारखान्यात सगळी बॉडी रंगाच्या हौदात बुडवतात आणि वीज सोडतात. त्यामुळे कानाकोपऱ्यात गंजरोधक थर बसतो, सुमारे २० मायक्रॉनचा. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) त्यावर प्रायमर, म्हणजे अस्तराचा थर, मग खरा रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे थर मिळून शंभर ते एकशे तीस मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे हा सगळा डामडौल दोन केसांच्या जाडीतही मावतो. त्यातला क्लिअर कोट चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. घरी जे काही घासायचं, ते एवढ्यातच.

आता परीक्षा. चऱ्यावर पाण्याचा थेंब टाका. ओला असेपर्यंत चरा नाहीसा झाला आणि वाळल्यावर परत उगवला, तर तो क्लिअर कोटमध्येच आहे. मग नख आडवं फिरवा. नख न अडखळता सरकलं, तर घासून निघण्यासारखा आहे. अडकलं, तर खोल गेलाय. आत पांढुरकं किंवा राखाडी दिसत असेल तर प्रायमर उघडा पडलाय. चकचकीत धातू किंवा तांबूस डाग दिसला, तर पत्रा. तिथे मात्र चालढकल नको.

[दृश्य : मागचा बंपर. पांढऱ्या रंगावर लाल फर्राटा.]

आधी एक सुखद प्रकरण. हा लाल फर्राटा बघून मालकीणबाई हादरल्या होत्या. पण हा त्यांच्या गाडीचा रंग गेलेला नाही, स्कूटरचा रंग बंपरवर आलाय. दोन रंग एकमेकांवर घासले की मऊ असतो तो दुसऱ्यावर चढून बसतो. आधी जागा शाम्पूच्या पाण्यानं धुऊन घ्यायची. मग मायक्रोफायबरच्या कपड्यावर वाटाण्याएवढं रबिंग कंपाउंड, म्हणजे बारीक खरखरीत पेस्ट, घेऊन दोन बोटांनी घासायचं, वितभर जागेतच. तिसऱ्या-चौथ्या फेरीला कपड्यावर लाली उतरू लागते. कपड्याची घडी बदलायची, पुन्हा घासायचं. खाली उरतात दोन केसाएवढ्या रेघा. थिनरचा मोह आवरा. तो लाल रंग काढेल, पण प्लास्टिकच्या बंपरवरचा आपला रंगही सोबत नेईल.

कंपाउंड चरा भरत नाही. ते चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट झिजवतं आणि चऱ्याच्या कडा गुळगुळीत करतं. प्रकाश वेडावाकडा परतायचा थांबतो, म्हणून चरा दिसेनासा होतो. दर वेळी दोन-चार मायक्रॉन जातात, ते परत येत नाहीत. म्हणून दर दिवाळीला हौसेनं ‘रबिंग-पॉलिश’ मारून घेणारी मंडळी गाडीला अकाली म्हातारं करत असतात, हे मला अनेकदा सांगावंसं वाटतं. कडांवर आणि दारावरून धावणाऱ्या उठावदार रेघांवर तर रंग मुळातच पातळ असतो आणि घासताना सगळा दाब तिथेच येतो. तेवढ्या भागावर मास्किंग टेप लावून टाकावी.

टूथपेस्टबद्दल सगळे विचारतात. तिच्यातही बारीक खरखर असते, म्हणून पुसट रेघेवर थोडा गुण येतो. पण ती दातांसाठी बनवलेली आहे, आणि शंभर-दोनशे रुपयांत नीट कंपाउंड मिळत असताना हा खटाटोप कशाला, ते कळत नाही. आणखी एक गोष्ट. पांढरा कपडा घासता घासता गाडीच्याच रंगाचा होऊ लागला, तर दर वेळी घाबरायचं कारण नाही. काही गाड्यांवर, विशेषतः साध्या पांढऱ्या किंवा लाल रंगात, वेगळा क्लिअर कोट नसतोच. मात्र हात आणखी हलका ठेवायचा. पण क्लिअर कोट असलेल्या गाडीवर असं झालं, तर तो झिजून संपलाय, तिथेच थांबायचं.

[दृश्य : पुण्यातली नाना पेठ. मोटारीच्या सुट्या भागांची दुकानं. काउंटरवर रंगाच्या बाटल्या.]

नख अडकलं, की घासणं बंद आणि टचअप, म्हणजे तेवढ्याच जागी रंग भरणं, सुरू. नाना पेठेतल्या दुकानात गेलात की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, “ताई, कोड आणलाय?” नुसतं ‘सिल्व्हर’ सांगून काही उपयोग नाही. रंगाचा कोड गाडीवरच्या एका लहानशा स्टिकरवर किंवा पट्टीवर असतो, कधी ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर, कधी बॉनेटखाली. मारुती सुझुकीच्या सिल्की सिल्व्हरचा कोड झेड-टू-एस. त्यावरून दुकानात रंग मिसळून देतात. तरी आठ-दहा वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीशी तो शंभर टक्के जुळेल अशी आशा ठेवू नये. मेटॅलिक रंगात तर ॲल्युमिनियमचे सूक्ष्म कण असतात. स्प्रेनं ते एका प्रकारे बसतात, ब्रशनं दुसऱ्या. कोड बरोबर असूनही एका बाजूनं बघितलं की ठिपका काळपट दिसतो, तो यामुळे.

बाटलीच्या झाकणातला ब्रश या कामाला फार जाड. टूथपिक घ्या. आधी चरा आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसून कोरडा करा, तेल-मेण राहिलं तर रंग धरणार नाही. गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरची घडी करून तेवढीच जागा खरवडा, तांबूसपणा पूर्ण जाईपर्यंत. पत्रा दिसत असेल तर प्रायमरचा एक पातळ हात. तो सुकला की टूथपिकच्या टोकावर रंगाचा थेंब घेऊन चऱ्याच्या एका टोकाला टेकवायचा. थेंब आपोआप खाचेत ओढला जातो. पुढचा थेंब त्याच्या शेजारी. एका फटक्यात खाच भरायला जाऊ नका. रंग सुकताना आकसतो आणि मधे खड्डा पडतो. दोन-तीन पातळ हात, प्रत्येक वेळी सुकू देऊन, मग क्लिअर. शेवटी भराव बाजूच्या रंगाच्या पातळीपेक्षा किंचित वर यायला हवा. पंधरा-वीस दिवस त्याला विसरून जा. मग दोन हजार नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे अगदी बारीक पॉलिश पेपर, ओला करून तो उंचवटा तेवढाच सपाट करायचा आणि वरून कंपाउंड.

हे पावसाळ्यात करू नये. रंगातला थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतली वाफ तिथे बसते आणि रंगावर पांढुरकी साय येते. पण पत्रा उघडा पडला असेल, तर जुलैतही त्याला तसाच ठेवून चालणार नाही. मालवणात किंवा पणजीत खारी हवा आहे, तिथे तर अजिबात नाही. कोरडा करून निदान प्रायमर लावा, नीटसं काम दिवाळीनंतर. बंपर प्लास्टिकचा, तो गंजत नाही. त्याच्या चऱ्याला घाई नाही.

[दृश्य : बंपरवरचा पोचा. शेजारी वाफाळणारं पातेलं, हातात जाड रबरी मोजे.]

चऱ्यांपेक्षा पोच्यांवर इंटरनेटवर जास्त जादू चालते. पैकी उकळत्या पाण्याची जादू खरी आहे, पण फक्त बंपरवर. तो पॉलिप्रॉपिलीन जातीच्या प्लास्टिकचा असतो, तापला की मऊ होतो आणि मूळ आकाराकडे परतायला बघतो. पाणी ओतत राहायचं, खालून हात घालून आतून दाबायचं. ‘टप्प’ असा आवाज येऊन पोचा बाहेर येतो. लगेच गार पाणी. जिथे टोकदार घडी पडलीय किंवा रंगाला तडा गेलाय, तिथे खूण राहतेच.

तापवायचा हाच प्रयोग पोलादी दारावर करून बायकोच्या हेअर ड्रायरचं आयुष्य कमी करू नये. मीटरभर पत्रा पन्नास अंशांनी तापला तरी वाढतो अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त. पत्रा जिथे लवचीकतेपलीकडे ताणला गेलाय, तिथे या वाढीनं काहीही होत नाही. दारावरचा ताटाएवढा पसरट, उथळ पोचा नुसता आत दबलेला असतो. तो व्हॅक्यूमच्या कपनं ओढला की निघू शकतो. मात्र रुपयाच्या नाण्याएवढा खोल पोचा कपला दाद देत नाही.

अशा पोच्यासाठी गोंदाचं किट मिळतं. गरम गोंदानं प्लास्टिकची बुटकी खुंटी चिकटवायची आणि पुलरनं हळूहळू ओढायची. पोचा नुसता खड्डा नसतो, त्याच्या भोवती पत्र्याचा बारीक उंच कठडाही तयार झालेला असतो. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पत्र्यावर पाडून बघा. सरळ रेघ जिथे वाकते, तिथे कठडा. खड्डा ओढत राहायचं आणि मधूनमधून कठडा नायलॉनच्या खुंटीनं ठोकून बसवायचा. नवखा माणूस फक्त ओढत सुटतो आणि खड्ड्याच्या जागी टेंगूळ करून ठेवतो. टेंगूळ बसवणं जास्त कठीण. आणि आधी कधी पुट्टी भरून रंगवलेला पॅनेल असेल, तर खुंटीबरोबर रंगाचा पापुद्रा हातात येईल. चुंबक लावून बघावं. जाड पुट्टीवर तो धरत नाही.

दाराच्या उठावदार रेघेवर, पॅनेलच्या कडेवर किंवा टोकदार घडी पडलेला पोचा असेल, तर रंगाला धक्का न लावता पोचे काढणाऱ्या कारागिराकडेच जावं. तो वाकड्या सळया आतून घालून, दिव्याच्या प्रतिबिंबाकडे बघत, कणाकणानं पत्रा वर आणतो. ज्या बंपरमागे अंतर मोजणारं रडार आहे, त्यावर पुट्टीचा जाड थर नको. रडारच्या लहरी त्यातून नीट जात नाहीत. आणि डब्यातला स्प्रे घेऊन आख्खं दार रंगवायचा विचार असेल, तर थांबा. साध्या स्प्रेचा क्लिअर पेट्रोलच्या थेंबानंही मऊ पडतो. कडक होणाऱ्या दोन घटकांच्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसांना घातक. बंद पार्किंगमध्ये, तोंडाला रुमाल बांधून मारायची ती वस्तू नव्हे.

[दृश्य : टेबलावर विम्याची पॉलिसी, कॅल्क्युलेटर.]

राहिला विमा. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला प्रत्येक क्लेममधले पहिले १००० रुपये आपल्याच खिशातून जातात, त्यावरच्या गाडीला २०००. शिवाय क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर. हा बोनस पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५० टक्के, आणि तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळतो. समजा हा हप्ता ८००० रुपये आहे आणि बोनस पन्नास टक्क्यांवर पोचलाय. एका दाराच्या ४५०० रुपयांच्या कामासाठी क्लेम केला, तर हातात फार तर ३५०० येतील आणि पुढच्याच वर्षी ४००० जास्त भरावे लागतील. त्यापुढे बोनस पुन्हा वीस टक्क्यांपासून.

‘वर्षभराचे सगळे चरे एकाच अपघातात दाखवून टाकू’ असा सल्ला गॅरेजमध्ये प्रेमानं मिळतो. पण विम्यासाठी नुकसान तपासणारा सर्व्हेअर चऱ्याच्या तळाशी बघतो. कालच्या चऱ्यात पत्रा चमकतो, गेल्या पावसाळ्यातल्या चऱ्यात तो तांबूस झालेला असतो.