एक शिलालेख, दोन क्रेडिट

(दृश्य : त्रिरश्मी डोंगर. पायऱ्या चढणारे विद्यार्थी, खाली महामार्गावरची वाहतूक.)

नाशिकच्या दक्षिणेला, मुंबई महामार्गालगत हा त्रिरश्मी डोंगर. कातळात ओळीनं कोरलेली चोवीस लेणी. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. खरं तर ही बौद्ध भिक्षूंची वर्षावासाची, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाची जागा. विद्यार्थी थेट दहा नंबरच्या लेण्यात आले आहेत.

(दृश्य : व्हरांडा. तिरका धरलेला टॉर्च, ब्राह्मी अक्षरं.)

टॉर्च समोरून मारला तर दगड सपाट दिसतो. बाजूनं, तिरका धरला की अक्षराच्या खाचेत सावली पडते आणि ओळ वाचता येते. अक्षराला हात लावायचा नाही, खडू फिरवायचा नाही. ठसा घ्यायचा तर पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते.

हा लेख क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ता नहपान याचा जावई उषवदात याचा. त्यानं हे लेणं संघाला दिलं आणि त्यासोबत ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून ठेवले. कुठे ठेवले? गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघांकडे. एका श्रेणीकडे २०००, दरमहा शेकडा एक व्याजानं. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत मागायचं नाही, वापरायचं ते फक्त व्याज. आणि हा सगळा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत जाहीर करून नोंदवलेला.

(दृश्य : वहीवर हिशेब करणारा हात. क्लोजअप.)

आता हा हिशेब बघा. २००० वर शेकडा एक, म्हणजे महिन्याला २०. वर्षाला २४०. लेखात म्हटलंय, इथे वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी द्यावेत. वीस गुणिले बारा, २४०. पै न् पैचा मेळ लागतो. दुसऱ्या ठेवीचे वर्षाला ९०, ते भिक्षूंच्या इतर किरकोळ गरजांसाठी. याच लेखात पुढे ७०,००० कार्षापणांच्या दानाचा उल्लेख आहे, ३५ कार्षापणांना एक सुवर्ण, म्हणजे सोन्याचं नाणं, या दरानं २००० सुवर्ण. त्या काळचा नाण्यांचा भावच दगडावर लिहून ठेवलेला.

हा लेख नीट समजायला लिपी लागते, प्राकृत लागते, इतिहास लागतो. व्याजाचं गणित लागतं. विणकरांच्या श्रेणीवर इतका विश्वास का होता हे कळायला अर्थशास्त्र लागतं. आणि दोन हजार वर्षं ही अक्षरं टिकली कशी, यासाठी दख्खनचा बेसॉल्ट समजावा लागतो. बीएच्या अभ्यासक्रमात हा लेख शिकवायचा कुठे? आज तो इतिहासाच्या एका पेपरात, एका ओळीत येतो. आम्हाला हे मान्य नाही.

(दृश्य : ग्रंथालयातली जुनी कपाटं. संथ पॅन.)

सगळ्यांनी थोडं थोडं सगळं शिकावं की एकानं एकच विषय तळापर्यंत शिकावा, हा वाद जुना आहे. मध्ययुगीन युरोपातल्या विद्यापीठांत सात विद्यांचा क्रम ठरलेला होता. आधी व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व. मग अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल. क्रम महत्त्वाचा होता: आधी भाषा आणि युक्तिवाद पक्का, नंतर मोजमाप. १८२८ साली अमेरिकेतल्या येल कॉलेजनं आपल्या अहवालात ठरीव अभ्यासक्रमाची बाजू मांडली. आधी बुद्धीला वळण, मग बुद्धीत भरायचं सामान, असा त्यांचा आग्रह. पुढे हार्वर्डमध्ये चार्ल्स एलियट १८६९ ते १९०९ अध्यक्ष होते. त्यांनी दार सताड उघडलं, विद्यार्थ्यानं हवे ते विषय निवडावेत. निवड वाढली, पण कशाला कशाचा धागा राहीना. त्यांच्यानंतर आलेल्या लॉवेल यांनी मधला रस्ता काढला: एक विषय खोलवर, आणि बाकीचे ठरवून दिलेल्या गटांतून. आज आपण ज्याला मेजर (मुख्य विषय) आणि ओपन इलेक्टिव्ह (खुला ऐच्छिक विषय) म्हणतो, त्याची मुळं इथे आहेत.

आपल्याकडे १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास विद्यापीठं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर सुरू झाली. विद्यापीठानं परीक्षा घ्यायची, कॉलेजनं शिकवायचं. त्यामुळे अभ्यासक्रम म्हणजे परीक्षेचा आराखडा, हे आपल्या हाडीमाशी खिळलं. १९४८-४९ च्या राधाकृष्णन विद्यापीठ शिक्षण आयोगानं सर्वसाधारण शिक्षणाचा आग्रह धरला होता, तरी कला शाखेचा विद्यार्थी विज्ञानाच्या वर्गात बसला नाही.

(दृश्य : कॉलेज रोड, सकाळची गर्दी. महाविद्यालयाचं फाटक.)

नाशिकमध्ये हंसराज प्रागजी ठाकरसी कला महाविद्यालय १९२४ साली सुरू झालं. कुसुमाग्रज इथले विद्यार्थी. आज शहरातली महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार नवा आराखडा राबवत आहेत.

(दृश्य : सूचना फलक. ओपन इलेक्टिव्हची यादी, बोट फिरवणारे विद्यार्थी.)

२० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयातला आराखडा असा होता: सत्राला २० ते २२ क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजायचं एकक), तीन वर्षांना १२० ते १३२. त्यात मेजर, मायनर (जोडविषय), कौशल्याचे पेपर, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, फील्ड प्रोजेक्ट. आणि ओपन इलेक्टिव्हला १० ते १२ क्रेडिट, तेही आपली विद्याशाखा सोडून. एकूण पदवीच्या दहा टक्क्यांहूनही कमी. पण बीएच्या मुलीनं गणित किंवा भूगर्भशास्त्र शिकावं आणि बीएस्सीच्या मुलानं शिलालेख वाचावा, यासाठी हक्काची जागा हीच.

(दृश्य : स्टाफरूम. भिंतीवरचं वेळापत्रक, पेन्सिलीच्या खुणा.)

गाडी अडते ती इथे. बहुतेक महाविद्यालयांत कला आणि वाणिज्यचे वर्ग सकाळी, विज्ञानाची प्रात्यक्षिकं दुपारी. वेळापत्रक करताना आधी मेजर बसतो, मग प्रात्यक्षिकांच्या तुकड्या, आणि ओपन इलेक्टिव्ह उरलेल्या फटीत. ती फट प्रत्येक शाखेची वेगळी. मग कागदावर दुसऱ्या शाखेचा पेपर दिसतो, पण प्रत्यक्षात एका वर्गात एकाच शाखेची मुलं बसतात. उपाय सोपा आहे, फक्त क्रम उलटा करायचा: सकाळचे वर्ग संपतात आणि दुपारची प्रात्यक्षिकं सुरू व्हायची असतात तो तास, आठवड्यातून दोन दिवस, सगळ्या शाखांसाठी आधी राखून ठेवायचा. मग बाकीचं बसवायचं.

दुसरी चूक वर्कलोडची, म्हणजे शिक्षकांच्या तासिकांच्या वाटपाची. ज्या विभागाच्या तासिका कमी पडतात, त्याच्याकडे पेपर जातो. तो विभाग आपल्याच प्रथम वर्षाचा पेपर कापून ‘परिचय’ नावानं देतो. विद्यार्थ्याला हाती लागतो दुसऱ्याच्या पुस्तकाचा पहिला धडा. ओपन इलेक्टिव्ह एका प्रश्नाभोवती बांधावा, विभागाभोवती नाही.

निवडीची पद्धतही तपासा. ‘आधी येईल त्याला’ ठेवलं की ज्याच्या गावात नेटवर्क नाही, त्याच्या वाट्याला यादीतला शेवटचा पेपर येतो. तीन पसंती घ्याव्यात, आठवडाभर मुदत द्यावी आणि जागा भरल्या तर चिठ्ठी टाकावी.

(दृश्य : पुन्हा लेणं. गटागटानं बसलेले विद्यार्थी, मांडीवर तक्ते.)

उषवदाताच्या लेखाचा पेपर दोन क्रेडिटचा करता येईल. पण दोन्ही क्रेडिट तासिकांची घेऊ नका. तासिकांचं एक क्रेडिट १५ तासांचं, प्रात्यक्षिकाचं ३० तासांचं. सगळं तासिकांत टाकलं तर सहा तासांची लेणीभेट कुठेच धरता येत नाही, आणि ती सहल होऊन बसते. म्हणून एक अधिक एक.

वर्गातले १५ तास असे: ब्राह्मी लिपी ५, श्रेणी आणि व्यापार ४, व्याज आणि नाणी ३, दगड आणि कोरीवकाम ३. प्रात्यक्षिकाचे ३०: दोन भेटी मिळून १२, अक्षरांचा सराव ८, ग्रंथालय ४, अहवाल आणि तोंडी परीक्षा ६. ग्रंथालयात ‘एपिग्राफिया इंडिका’ या शिलालेखांच्या ग्रंथमालेचा आठवा खंड हवा, नाशिकच्या लेखांचं सेनार यांनी केलेलं वाचन त्यात आहे. भेट जुलै-ऑगस्टमध्ये ठेवू नका. पायऱ्या निसरड्या होतात आणि ढगाळ उजेडात अक्षर सापडत नाही. हा पेपर दुसऱ्या किंवा चौथ्या सत्रात द्यावा, म्हणजे पहिली भेट डिसेंबर-जानेवारीत पडेल. एका वेळी व्हरांड्यात पंधरापेक्षा जास्त मुलं नकोत. बाकीची तीन नंबरच्या लेण्यात, सातवाहन राणी गौतमी बलश्रीच्या लेखापाशी.

शिकवायला तीन शिक्षक: इतिहास, वाणिज्य, भूगोल. तासिकांची नोंद तिघांच्या नावे वेगवेगळी व्हायला हवी. ती एकाच्याच नावावर गेली, तर पुढच्या वर्षी बाकीचे दोघं वेळ देत नाहीत आणि पेपर पुन्हा एका विभागाचा होतो.

(दृश्य : निकालपत्र, काही क्षण.)

२०२३ च्या त्या आराखड्यात पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला ४० ते ४४ क्रेडिट आणि जादा ४ क्रेडिटचा कौशल्याचा पेपर किंवा इंटर्नशिप, एवढ्यावर प्रमाणपत्र मिळायचं; ओपन इलेक्टिव्हचे बहुतांश क्रेडिटही याच वर्षात ठेवले होते.

(दृश्य : प्रश्नपत्रिका. एक ओळ ठळक.)

परीक्षेत ‘टीपा लिहा’ नको. प्रश्न असा विचारा: उषवदातानं दुसऱ्या श्रेणीकडचे १००० सुद्धा शेकडा एकनं ठेवले असते, तर वर्षाला किती कार्षापण जास्त मिळाले असते? दोन श्रेणींचे दर वेगळे का असावेत? दोन शक्यता मांडा, आणि प्रत्येकीला लेखातला कोणता शब्द आधार देतो ते दाखवा. पहिल्या भागाला दोन गुण, दुसऱ्याला आठ.