सुश्रुताचा कोहळा आणि कावसजीचं नाक

नमस्कार श्रोतेहो! बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, जिथून ऐकताय तिथल्या सगळ्यांना नमस्कार.

आज सुश्रुताविषयी, म्हणजे आपल्याकडच्या प्राचीन शस्त्रवैद्याविषयी. त्याच्या संहितेत, म्हणजे ग्रंथात, १०१ यंत्रं (बोथट अवजारं) आणि २० शस्त्रं (धारदार अवजारं) सांगितली आहेत. पण मला त्याहून मोठी वाटते ती त्याची शिकवण्याची रीत. शिष्यानं आधी कोहळा कापायचा, दुध्या कापायचा, काकडी कापायची. शीर टोचायची ती मेलेल्या जनावराची, नाहीतर कमळाच्या देठाची. टाके घालायचे कापडावर. ग्रंथ कितीही पाठ असोत, आधी हात बसला पाहिजे. पुन्हा सांगतो, हात बसला पाहिजे. आपल्याकडे कोहळा आता दाराला बांधण्यापुरता आणि खंडेनवमीला फोडण्यापुरताच राहिलाय. सांडगे घालणारी घरं कमी झाली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर, कापलेलं नाक. सुश्रुत सांगतो, नाकाच्या मापाचं झाडाचं पान घ्या, तेवढीच गालाची कातडी सोडवा, एका बाजूनं जोडलेली ठेवा आणि नाकावर शिवा. श्वासासाठी दोन नळ्या घाला.

आता कावसजीची गोष्ट ऐका. हा मराठा शेतकरी, इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक कापलं आणि एक हातही तोडला. वर्षभर माणूस बिननाकाचा वावरला. मग पुण्याजवळ त्याला नाक बसवून दिलं. कुणी? विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं. खानापूरच्या विटा-कौलांच्या भट्टीवरच्या मंडळींनी हे नीट ऐकावं. विटा पाडणाऱ्या जातीतल्या माणसानं!

त्यानं आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतलं. तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ ओढली आणि तेवढी कातडी सोडवली. दोन डोळ्यांमधली पट्टी मात्र कापली नाही. तिच्यातूनच रक्त येणार! आंब्याचं भेटकलम बांधताना फांदी मूळ झाडापासून लगेच तोडत नाहीत ना, तसंच. मग कातडी वळवून नाकावर आणली, कडा खाचेत बसवल्या आणि वरून लावला कात. हो, आपण विड्याला लावतो तोच कात, पाण्यात मऊ करून, कापडाच्या पट्ट्यांवर पसरून. चार दिवस पट्ट्यांना हात लावायचा नाही. नंतर तुपात भिजवलेलं कापड. साधारण पंचविसाव्या दिवशी ती मधली पट्टी कापली. कलम धरलं होतं!

सुश्रुतानं गाल सांगितला, यानं कपाळ घेतलं. पण जिवंत कातडी जोडलेली ठेवूनच न्यायची, हे मर्म तेच.

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझीनमध्ये हे पत्र म्हणून छापून आलं, कावसजीच्या चित्रासकट. ते वाचून कार्प्यू नावाच्या तिथल्या सर्जननं आधी मृतदेहांवर सराव केला, म्हणजे बघा, हात बसवला, आणि १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. युरोपातल्या प्लास्टिक सर्जरीनं तिथून नव्यानं जोर धरला.

त्या पत्रात कावसजीचं नाव आहे. शस्त्रक्रिया पाहिलेल्या दोन इंग्रज डॉक्टरांची नावं आहेत. विटा पाडणाऱ्याचं नाव नाही. म्हणून सुश्रुताविषयी बोलायला बसलो की मी त्याच्याविषयीच जास्त बोलतो.