बेल बंद असताना आलेलं पॅकेट

(दृश्य: टेबलावर दोन सर्किट बोर्ड, मध्ये एकच केबल. जॅकवरचा हिरवा दिवा लुकलुकतोय.)

दिवा लुकलुकतोय, म्हणजे लिंक आहे. डावीकडचा बोर्ड प्रश्न विचारतो, उजवीकडचा उत्तर देतो. एक यूडीपी पॅकेट (पोच न मागता पाठवलेला माहितीचा तुकडा) जातं, एक येतं. हजारो वेळा सगळं सुरळीत चालतं आणि मग मध्येच एकदा उत्तर येत नाही. टाइमआउट होतो. डावा बोर्ड पुन्हा विचारतो आणि गाडी रुळावर येते, जणू काही झालंच नव्हतं.

अशा वेळी पहिला संशय केबलवर जातो. केबल बदलून बघतात. मग प्रोग्राम उलटापालटा करून तपासतात. पॅकेट मात्र केव्हाच पोचलेलं असतं. उजव्या बोर्डाच्या मेमरीत ते जसंच्या तसं पडून असतं, त्याला उचलायला कुणी आलेलं नसतं.

(दृश्य: टर्मिनलवर लॉगच्या ओळी.)

पाठवण्याच्या बाजूवर लिनक्स कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, कडक पहारा असतो. रांग अडली आणि ठरलेली मुदत उलटली, सहसा 5 सेकंद, की वॉचडॉग लॉगमध्ये ओरडतो. घेण्याच्या बाजूला असा सर्वसाधारण पहारेकरी नाही. कसा ठेवणार? पॅकेट आलं नाही, तर ते कुणी पाठवलंच नसेल. वायरवरची शांतता आणि ड्रायव्हरची (नेटवर्कचं हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रामची) झोप कर्नलला बाहेरून सारखीच दिसते. माझ्या मते रिसीव्हचे, म्हणजे पॅकेट घेण्याचे, दोष इतके छळतात ते याच कारणाने.

(दृश्य: रहाटाचं चित्र, त्यावर हळूहळू मेमरीचे चौकोन उमटतात.)

ज्यांनी विहिरीवरचं रहाटगाडगं पाहिलंय, त्यांना रिसीव्ह रिंग वेगळी समजावून सांगावी लागत नाही. गाडगी गोल फिरतात, खाली भरतात, वर रिकामी होतात. इथे गाडग्यांच्या जागी डिस्क्रिप्टर, म्हणजे मेमरीतल्या छोट्या नोंदी, असतात. आपण ज्याची गोष्ट बघतोय तो मॅकबी ड्रायव्हर अशी 512 गाडगी मांडून बसतो. प्रत्येकावर मेमरीचा एक पत्ता लिहिलेला, आणि त्या पत्त्याच्या शब्दातला सगळ्यात खालचा बिट म्हणजे मालकीची खूण. तिथे 0 असेल तर गाडगं हार्डवेअरचं. पॅकेट आलं की हार्डवेअर प्रोसेसरला न विचारता ते थेट मेमरीत ओततं आणि बिट 1 करतं. ड्रायव्हर गाडगं रिकामं करतो, बिट पुन्हा 0.

हा ड्रायव्हर केडन्स कंपनीच्या इथरनेट कंट्रोलरसाठी, म्हणजे केबलवरून पॅकेट घेणाऱ्या-पाठवणाऱ्या हार्डवेअरसाठी, आहे. झिंक 7000 चिपमध्ये तो कंट्रोलर आहे, आणि आपल्याकडच्या कित्येक हौशी मंडळींच्या टेबलावर असलेल्या रास्पबेरी पाय 5 मध्येही.

गाडगं भरलं हे ड्रायव्हरला कळवतो तो इंटरप्ट, म्हणजे दारावरची बेल. पण एक गिगाबिटच्या वायरवर सगळ्यात लहान फ्रेम (वायरवरचं पॅकेट) 672 नॅनोसेकंदांत येऊन जाते. सेकंदाला जवळपास 14 लाख 88 हजार फ्रेम. प्रत्येकीने बेल वाजवली तर प्रोसेसर दार उघडण्यातच संपेल. म्हणून जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सी कुझनेत्सोव्ह यांनी 2001 च्या सुमारास नॅपी ही पद्धत मांडली. पहिल्या पॅकेटने बेल वाजवली की ड्रायव्हर बेल बंद करतो आणि स्वतःच रिंग तपासत राहतो, एका फेरीत सहसा 64 पॅकेटांपर्यंत. रिंग रिकामी झाली की बेल पुन्हा चालू.

(दृश्य: कोड. दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेवर कॅमेरा थांबतो.)

इथे जरा थांबू. ड्रायव्हर बघतो, काही उरलेलं नाही. पुढच्या ओळीत तो बेल चालू करतो. या दोन ओळींच्या मधल्या फटीत एक पॅकेट आलं तर?

काही कंट्रोलर ही दाबलेली बेल लक्षात ठेवतात आणि चालू होताच वाजवतात. केडन्सच्या या कंट्रोलरची खोड वेगळी. बेल बंद असताना कुणी दाबली, तर ती चालू केल्यावरही वाजत नाही. स्टेटस रजिस्टरमध्ये, म्हणजे कंट्रोलरच्या स्वतःच्या नोंदवहीत, पॅकेट आल्याची नोंद असते, इंटरप्ट मात्र उठत नाही. पाहुणा दारात उभा, घरातले निवांत.

मग हे वर्षानुवर्षं कुणाला कसं दिसलं नाही? कारण मागून दुसरं पॅकेट येतं. ते बेल वाजवतं, ड्रायव्हर जागा होतो आणि आधीचंही घेऊन जातो. टीसीपी या पोच मागणाऱ्या पद्धतीत तर पाठवणारा स्वतःच पुन्हा पाठवतो. गर्दीच्या नेटवर्कवर हा दोष झाकलेलाच राहतो. तो उघडा पडला आपल्या टेबलावर मांडलंय तशा जोडणीत. दोनच यंत्रं, समोरासमोर, एक प्रश्न आणि एक उत्तर. इथे मागून येणारं कुणी नाही. एक उत्तराची वाट बघतो, दुसऱ्याला प्रश्न आल्याचाच पत्ता नाही.

मार्च 2022 मध्ये यावरची दुरुस्ती आली. ड्रायव्हरमध्ये आधीही एक तपासणी होती, पण ती बेल चालू करण्याच्या आधीची. फट अरुंद झाली होती, बुजली नव्हती. नव्या दुरुस्तीने बेल चालू केल्यानंतर पुन्हा एकदा दार उघडून बघितलं. कुणी उभं असेल तर बेल बंद, आणि नॅपीची फेरी पुन्हा सुरू.

दोनच महिन्यांनी, मे मध्ये, ती आणखी नेटकी झाली, आणि मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. स्टेटस रजिस्टर सगळ्या कंट्रोलरचं मिळून एकच. येणाऱ्या पॅकेटांच्या रांगा अनेक असतील, प्रत्येकीची रिंग वेगळी, तर पॅकेट एकीत आणि जाग दुसरीला, असं होऊ शकतं. म्हणून रजिस्टरला विचारणं सोडून दिलं आणि सरळ रांगेच्या रिंगमधलं पुढचं गाडगं बघितलं. बिट 1 आहे का, एवढंच. आधीची तपासणी त्यामुळे निरुपयोगी ठरली आणि काढून टाकली गेली.

(दृश्य: इंटरप्टचे आकडे दाखवणारी स्क्रीन.)

याच ड्रायव्हरमध्ये रिसीव्ह अडण्याची आणखी एक तऱ्हा आहे, आणि ती बरोबर उलटी दिसते. पहिल्या दोषात पॅकेट अडलेलं असताना इंटरप्टचा आकडा हलत नाही. या दुसऱ्यात तो सुसाट धावतो आणि पॅकेट एकही येत नाही. झिंकसारख्या काही चिपवर प्रचंड भार आला की डीएमए, म्हणजे हार्डवेअरचं ते थेट मेमरीत ओतणं, थांबतं आणि 'गाडगं भरलेलंच आहे' अशी तक्रार करणारा इंटरप्ट अखंड येत राहतो. चिपच्या मॅन्युअलमध्येच हे नोंदवलेलं आहे. उपाय म्हणजे रिसीव्हर चालू करणारा बिट क्षणभर 0 करून पुन्हा 1 करायचा. म्हणून रिसीव्ह अडलं की मी केबलला हात लावण्याआधी इंटरप्टचा आकडा दोनदा वाचतो, मध्ये एक सेकंद सोडून.

(दृश्य: पुन्हा ते दोन बोर्ड. डावीकडच्या स्क्रीनवर उत्तरांचा आकडा चढतोय.)

प्रश्न गेला, उत्तर आलं. रिंग तपासली, रिकामी. बेल चालू. पुन्हा एकदा रिंग तपासली.

या वेळी एक पॅकेट होतं.